टेबलाची दुसरी बाजू

बहारीनमधल्या तुबलीच्या गॅरेजांच्या रांगेत सुजीत वानखडेचा छापखाना होता. तिथं कामाला लागलेला माणूस पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी शिकायचा. शाई कशी घोटायची ही एक, आणि मालकाचा हात उठला की कोणत्या बाजूला वाकायचं ही दुसरी. दुसरी लवकर शिकला तो टिकायचा. उस्मान टिकला होता. पेशावरकडचा, चाळिशी ओलांडलेला, दार अडवेल एवढा माणूस. पण सुजीतनं शाईचा डबा भिरकावला की असा झटकन खाली बसायचा, की बघणाऱ्याला हसू यावं. मैत्रीला पहिल्या दिवशी हसू आलंच.

मैत्री इंगळे म्हणजे सुजीतच्या बहिणीची मुलगी. जन्म बहारीनचा, शाळा इंग्रजी. बाप धम्मदीप अस्करच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन, आई प्रभावती घरी शिकवण्या घेणारी. मूळ गाव अकोल्याकडचं, पण मैत्रीला त्याची ओळख सुट्टीतल्या उकाड्यापुरतीच. डिझाइनच्या कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला होती. बाकीच्या पोरी अ‍ॅप आणि लोगो करत बसल्या होत्या, आणि हिनं शेवटच्या प्रोजेक्टला घेतला वॉलपेपर. भिंतीला चिकटवायचा कागद! मास्तरांनीही एकदा विचारून घेतलं, नक्की ना म्हणून.

कॉलेजात मोठा डिजिटल प्रिंटर होता. बटण दाबलं की हवं ते छापून निघे. पण त्यातून आलेला कागद मैत्रीला बेचव वाटायचा. रंग नुसता दिसायचा, हाताला लागायचा नाही. तिला जाळीतून दाबून उतरवलेला रंग हवा होता, बोट फिरवलं की पानाची कड कळेल असा. तसं हातानं छापणारा तिच्या माहितीत एकच माणूस होता, सुजीतमामा.

"राग आहे त्याले," प्रभावती म्हणायची, "पण हात सोन्याचा आहे." दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, ते काही खोटं नाही. फक्त दूध कोण पितं आणि लाथा कोण खातं, याची वाटणी आधीच झालेली असते. सुजीतच्या घरात लाथांचा वाटा विशाखामामीचा होता. सगळ्या नातेवाइकांना ते माहीत होतं. जयंतीच्या कार्यक्रमाला मामी ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून यायची, बायका तिच्या पोह्यांचं कौतुक करायच्या, आणि बाह्यांबद्दल कुणी चकार शब्द काढायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. तोंड दाबायला अख्खा समाज हजर.

आणि मैत्री मामावर गेली आहे, हे घरात कौतुकानं सांगितलं जायचं. सातवीत तिनं वर्गातल्या एका मुलीच्या हातात कंपासचं टोक खुपसलं होतं. मुख्याध्यापिकेनं बोलावून घेतलं तेव्हा प्रभावती तिथं रडली, आणि घरी येऊन भावाला फोनवर हसत म्हणाली, "तुहीच भाची." मैत्रीनं ते ऐकलं होतं आणि तिला ते आवडलं होतं.

छापखान्यात मधोमध लांबच लांब टेबल होतं. त्यावर कागद ताणून बसवायचा, कडेच्या पट्टीवरच्या खुणांना लाकडी चौकट टेकवायची, चौकटीत ताणलेल्या जाळीवर शाई ओतायची आणि रबराची पात लावलेल्या जाड लाकडी फळीनं ती दाबत ओढायची. मजलिसच्या, म्हणजे अरबी घरातल्या पाहुण्यांच्या बैठकीच्या, भिंतींना लागणारा कागद इतका रुंद, की एका माणसाचा हात पलीकडे पोचत नाही. म्हणून टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं. एकानं फळी मध्यापर्यंत ढकलायची, दुसऱ्यानं तिथं ती न थांबता हातात घेऊन आपल्याकडे ओढायची. दोघांचा जोर सारखा हवा. नाहीतर फळी जिथं हात बदलते तिथं कागदावर फिकट रेघ उमटते. उस्मानचा हात फळीवर फार जड पडायचा, शाई पसरायची. लग्न होऊन आल्यापासून सुजीतच्या समोर, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, विशाखामामी उभी होती.

मामानं मैत्रीला शिकवायला घेतलं ते मन लावून, हे मान्य करायलाच हवं. चित्रातले रंग वेगळे कसे करायचे, जाळीवर लेप लावून प्रकाशानं तिच्यावर नक्षी कशी उतरवायची, आणि कागदाच्या एका पट्टीचं पान शेजारच्या पट्टीत अर्धं खाली सरकवून जोडलं की भिंतीवर नक्षीच्या सरळ रांगा दिसत नाहीत, हे सगळं त्यानं हातात हात धरून शिकवलं. चुकलं की स्टीलच्या पट्टीनं बोटांवर फटका. "मराठीत बोल," तो ओरडायचा. "इंग्रजीत चूक केली तर चूक नाही होत का बे?" मैत्रीची बोटं सुजायची, आणि ती कॉलेजात ती बोटं मिरवायची.

तिनं काढलेली नक्षी होती बदामाच्या पानांची. उन्हाळ्यात बुदैयाच्या रस्त्यावर विकायला बसतात ना, ते देशी बदाम, इथं लोझ म्हणतात. त्याची रुंद पानं, गळायच्या आधी गर्द लाल झालेली. फहाद नावाचा एक बहारीनी माणूस दुसऱ्याच कामासाठी छापखान्यात आला आणि तो नमुना बघून तिथंच थांबला. बुदैयाला आजोबांच्या शेतात तो नवीन व्हिला बांधत होता, आणि त्या शेतात असली झाडं होती. "माझ्या मजलिसच्या चारही भिंतींना हाच," तो म्हणाला. कॉलेजानं परवानगी दिली. परीक्षक थेट फहादच्या मजलिसमध्ये येऊन भिंत बघणार असं ठरलं. कॉलेजात आजवर कुणाचं काम खऱ्या भिंतीवर चढलं नव्हतं. मैत्रीला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

पहिला रंग छापला आणि सुकल्यावर कागद उजेडात धरला. पानांच्या मधून, कागदाच्या बरोबर मध्यावर, फिकट रेघ गेली होती.

"कोणाचा हात हलका पडला?" मामानं शांतपणे विचारलं.

विशाखामामीचा उजवा हात टेबलाच्या कडेवर होता. तिनं तो उचलेपर्यंत मामानं हातातली फळी आडवी करून मनगटावर हाणली. वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. मामी ओरडली नाही. तिनं मोडलेला हात दुसऱ्या हातानं उचलला, कागदापासून लांब धरला आणि भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. उस्मान पुढे आला, तर मामानं त्याच्या अंगावर शाईची बादली लाथाडली.

"आता बस. बसूनच राह्य," मामा बायकोला म्हणाला, आणि बाहेर जाऊन सिगारेट ओढत उभा राहिला.

हॉस्पिटलात मैत्री मामीची पर्स धरून सोबत होती. मामीनं सांगितलं, ओल्या फरशीवर पाय घसरला. नर्सनं मामीकडे बघितलं, मग बराच वेळ मैत्रीकडे बघितलं. "तू होतीस तिथं?"

"Yes," मैत्री म्हणाली. "She fell."

स्वच्छ, बिनचूक इंग्रजीत म्हणाली. एवढ्या वर्षांच्या शाळेचा उपयोग शेवटी हा झाला. खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी सगळं थांबलं असतं. पण खरं सांगितलं की मामा जाणार, मामा गेला की टेबल जाणार, टेबल गेलं की भिंत जाणार. हा सगळा हिशोब तिनं उत्तर देण्याच्या आत केला होता, आणि तो आपण केला हे तिला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मैत्री उभी राहिली.

मामानं फळी ढकलली, तिनं मध्यावर पकडली आणि खांद्यापासून जोर लावून ओढली. परत ढकलली, त्यानं पकडली. चौकट उचलली तेव्हा पानं अख्खी, गर्द, एकसारखी. रेघेचा मागमूस नाही. मामा कागदावर वाकला, मग मान वर करून हसला. त्याचं ते हसू मैत्रीनं कधी बघितलं नव्हतं.

"पाह्य विशाखा, पाह्य! रक्त बोलते!"

मामी मोरीपाशी होती. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून डाव्या हातानं जाळीवर पाणी मारत होती. ती म्हणाली, "हो, छान आलं." मैत्रीला इतका आनंद झाला की तिनं लगेच पुढचा कागद ताणायला घेतला. तो आनंद खरा होता, खोटा असता तर बरं झालं असतं. मामीचं मनगट मोडलं म्हणून आपला कागद चांगला छापला जातो आहे, हे तिला समोर दिसत होतं, आणि तरी ती रोज आदल्या दिवशीपेक्षा लवकर येऊन टेबलापाशी उभी राहत होती. खाण तशी माती, दुसरं काय!

दुसरा रंग पानांच्या शिरांचा. त्यासाठीची जाळी बारीक विणीची, कामानंतर लगेच दोन्ही हातांनी घासून धुवावी लागते. एका हातानं ती धड धुतली गेली नाही, शाई जाळीच्या भोकांत सुकून बसली. सकाळी छापायला घेतलं तर शिरा तुटक उमटल्या, कुठं आहेत, कुठं नाहीत. तीन-चार पट्ट्या वाया गेल्यावर मामाच्या ते ध्यानात आलं.

तो टेबल सोडून निघाला. मोरीपाशी गेला, मामीचा प्लास्टरमधला हात धरला आणि सिमेंटच्या कडेवर आपटला. मामी या खेपेला ओरडली. ती खाली पडली तसा तो लाथा घालू लागला, पोटात, पाठीत, मोजून मापून, फळी ओढावी तशा एका लयीत. उस्माननं मागून मिठी घातली. मामानं कोपर मागे मारलं आणि उस्मानच्या नाकातून रक्ताची धार लागली.

मैत्री टेबलाच्या पलीकडे होती. वळसा घालून जाण्याइतकाही दम तिला धरवला नाही. ती टेबलावर चढली, ओल्या शाईवरून, आपल्याच बदामाच्या पानांवरून पाय देत पलीकडे उतरली, आणि हातातली फळी तिनं मामाच्या खांद्यावर हाणली. तो वळला. त्यानं तिच्या तोंडावर ठोसा मारला, तिचा ओठ दातांनी आतून फाटला, आणि त्यानं तिचा गळा धरून तिला जाळ्यांच्या रॅकवर दाबलं. तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. उस्माननं रक्ताळलेल्या तोंडानंच मामाचे पाय ओढले, मामा गुडघ्यांवर पडला, आणि मैत्रीचा गळा सुटला.

इथं ती थांबली असती तर तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार राहिलं नसतं. ती थांबली नाही. मामा गुडघ्यांवर होता, दोन्ही हात डोक्यावर घेऊन, आणि ती मारत राहिली. फळीच्या कडेनं पाठीवर, हातांवर, कानावर. तो "बस, बस बे, मेलो" म्हणत आडवा झाला, तरी मारत राहिली. तिला ते मारणं गोड लागत होतं. अगदी खरं सांगायचं तर टेबलावर रेघ न उमटता कागद निघाला तेव्हा लागलं होतं तसंच गोड. शेवटी उस्माननं तिला कमरेतून उचलून बाजूला केलं. "बस, बेटी, बस! खलास!"

शेजारच्या गॅरेजातले लोक दारात जमले होते. मैत्रीनं फोन काढला.

"नको बाई," जमिनीवरून मामी म्हणाली. "तुह्या आईले काय वाटन? जाऊ दे."

मैत्रीनं पोलिसांना बोलावलं.

संध्याकाळी प्रभावतीनं दारातच मुलीच्या कानाखाली वाजवली, फाटलेल्या ओठाच्याच बाजूला. "माह्या भावाले जेलात घातलं! घरातली गोष्ट घरात नाही मिटत?" ती आणखी मारणार तेवढ्यात शिफ्टवरून आलेल्या धम्मदीपनं तिचा हात वरच्यावर धरला. तो मऊ माणूस, घरात त्याचा आवाज कधी ऐकू यायचा नाही. "पोरीनं केलं ते माह्यानं कधीच व्हाले पाह्यजे होतं," तो म्हणाला. "मी जेवायला जात राह्यलो त्याच्या घरी." मग प्रभावती खाली बसून रडू लागली. भावासाठी रडत होती की वहिनीसाठी, ते तिलाच ठाऊक.

समाजातल्या लोकांनी समजुतीनं घेण्याचा सल्ला दिला. घरोघरी मातीच्या चुली, असंही एकानं म्हणून बघितलं. धम्मदीपनं त्याला चहा न विचारता दार दाखवलं. खटला चालला. मैत्रीनं जबाब दिला, या वेळी खरा, हॉस्पिटलातल्या खोट्यासकट. उस्माननंही दिला. सुजीतला शिक्षा झाली आणि ती भोगून झाल्यावर त्याला भारतात परत पाठवणार हेही ठरलं. विशाखामामी काही दिवस इंगळ्यांच्या घरी राहिली, गप्प, दिलेलं खात. मग एक दिवस फहाद आला. त्याला सगळं कळलं होतं. तो म्हणाला, माझ्या भिंती उघड्या आहेत, मी दुसऱ्या कुणाला बोलावलेलं नाही. मामीच्या राहण्याच्या परवान्याची आणि छापखान्याची कागदपत्रं त्यानंच धावपळ करून लावून दिली.

मामी उठली, केस विंचरले आणि म्हणाली, "चाल मैत्री."

छापखाना उघडला. उस्माननं मोरी घासून काढली होती. कॉलेजानं मैत्रीला मुदत वाढवून दिली होती. आधीच्या पट्ट्या त्या दिवशीच्या मारामारीत खराब झाल्या होत्या, सगळं नव्यानं छापायचं होतं. मामी आता मामाच्या जागी उभी राहिली आणि मैत्री टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाच. छापखान्यात कुणी ओरडत नव्हतं. उस्मान गुणगुणायला लागला होता, आणि त्याचा आवाज चांगला आहे हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं. मामी कधीमधी हसायची. "हे टेबल इकडून किती मोठं दिसते गं," ती म्हणाली.

पण तिचं मनगट कच्चंच जुळलं होतं. पहिला रंग जेमतेम निभावला. शिरांच्या रंगाला मात्र तिच्या हातात जोर उरेना, आणि कागदाच्या मध्यावर फिकट रेघ उतरली. एका पट्टीवर, मग पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या. परीक्षक येणार त्याला आता फार अवकाश उरला नव्हता. भिंतीवर कागद चढवणारे कारागीर बुदैयाला येऊन बसले होते.

"मामी, push करा ना! नीट दाबा!"

"दाबते आहे बाई."

"नाही दाबत तुम्ही! परत तेच! परत!" मैत्रीचा आवाज चढत गेला. "माझं सगळं वर्ष या एका रेघेत जाणार! तुम्हाला जमतच नाही! कधीच जमलं नव्हतं!"

पुढच्या पट्टीवर परत रेघ उमटली. मैत्रीनं फळी जाळीवरून खेचून काढली. शाई गळत होती. ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, आणि फळी हातात वर उचललेली होती. ती कशासाठी उचलली, हे तिनं पुढे स्वतःला खूपदा विचारलं. दाखवायला उचलली, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. ते तिला पटलं नाही.

मामी मागे सरली नाही. हातही वर केला नाही. तिनं चष्मा काढला, घडी घातली, शेल्फावर शाईच्या डब्यांमागे नीट ठेवला, आणि मान खाली घालून उभी राहिली.

उस्मानचं गुणगुणणं थांबलं.

मैत्रीनं फळी टेबलावर ठेवली. ती जमिनीवर बसली आणि तोंडावर शाईचे हात घेऊन रडली, लहान मूल रडतं तशी, आवाज करून. तिला स्वतःची इतकी किळस आली होती की अंग काढून कुठं ठेवता आलं असतं तर तिनं ठेवलं असतं. मामी बराच वेळ उभी होती. मग तिनं चष्मा घातला आणि शेजारी येऊन बसली, पण हातभर अंतर ठेवून.

"मामी," मैत्री शेवटी म्हणाली. "माझा हात परत असा उठला ना, तर तुम्ही पोलिसांना बोलवा. माझी शपथ आहे. आईला काय वाटेल, याचा विचार करू नका. लगेच बोलवा."

"बोलवीन," मामी म्हणाली. "नंबर पाठ आहे मले."

मैत्रीनं मान वर केली. "मामांसाठी केला होता पाठ?"

"नाही बाई," मामी तिच्या हातांकडे बघत म्हणाली. "त्यायच्यासाठी कधी सुचलंच नाही. ते खाली पडून बस बस म्हणत होते आन् तू मारतच होती, त्या दिवशी केला."